इगतपुरीला जागी राहा

नौपाडा, ठाणे

प्रिय पोरी,

काल रात्री तुझा मेसेज आला तेव्हा मी झोपायच्या तयारीत होते. ‘मावशी, अक्ताऊला पोचले. समुद्र दिसला. पण काहीच वाटत नाहीये.’ एवढंच. खाली एक फोटो, राखाडी पाणी, राखाडी आकाश आणि कडेला तुझे ते बूट, ज्याचा सोल किर्गिझस्तानातल्या ओशच्या बाजारात एका म्हाताऱ्या मोच्यानं शिवून दिला होता. मी उत्तर टाइप करायला घेतलं, खोडलं, परत घेतलं, मग फोन ठेवून दिला आणि सकाळी उठून हे लिहायला बसले, कारण या ‘काहीच वाटत नाहीये’मध्ये मी स्वतः सहा वर्षांपूर्वी अडकले होते आणि तेव्हा मला कुणी काही सांगितलं नव्हतं.

आधी हे ऐक, तुझं काही बिघडलेलं नाहीये. हनोईपासून कझाकस्तानात कॅस्पियन समुद्रापर्यंत एकही विमान न घेता गेलीस, लाओसमधून त्या नव्या रेल्वेनं चीनमध्ये शिरलीस, दुनहुआंग, उरुमची, खोर्गोस, मग अल्माटी, बिश्केक, ओश, पामीर, समरकंद, बुखारा, शेवटी बेनेऊहून त्या रात्रीच्या गाडीनं समुद्रावर. साडेचार महिने. आणि समोर जे दिसलं ते एक थंड, वाऱ्याचं, माणसं आपापल्या कामाला जाणारं शहर. तिथं कुणी तुझी वाट बघत उभं नव्हतं, मग वाटणार काय आणि का?

मी २०१९च्या जानेवारीत निघाले होते ते तुला माहितीये. बँकेतून व्हीआरएस घेतली, वय ४४, इथून ट्रेननं गुवाहाटी, मग दिमापूर, इंफाळ आणि मोरे. मोरे-तामू सीमा आदल्याच वर्षी, ऑगस्ट २०१८मध्ये, आपल्यासारख्या व्हिसा घेऊन जाणाऱ्या लोकांसाठी उघडली होती. मणिपूरच्या त्या टोकाला मी सकाळी इडली खाल्ली होती, कारण बर्मातून परत आलेली तमिळ कुटुंबं तिथं राहिलीयेत आणि त्यांचं देऊळसुद्धा आहे, तो किस्सा तू दहा वेळा ऐकलायस. तिथून म्यानमार, थायलंड, मलेशिया आणि शेवट सिंगापूर. मलेशियातल्या जोहोर बाहरूहून सिंगापूरला जाणारा तो कॉजवे, म्हणजे समुद्रात भराव घालून केलेला रस्ता, जेमतेम एक किलोमीटरचा आहे, १९२४ साली बांधलेला. मी पाच महिने मनात रंगवलं होतं की या एका किलोमीटरवर मला काय काय वाटेल. प्रत्यक्षात मी बसमध्ये उभी होते, संध्याकाळी सव्वासहाला ठाणे स्टेशनच्या जिन्यावर असते तशी गर्दी, कामावरून परतणारी माणसं, सगळ्यांच्या हातात पासपोर्ट, आणि माझ्या मनात एकच विचार, बॅग कुणाला लागू नये. दुसऱ्या दिवशी सेंतोसाला गेले, तिथं ‘आशिया खंडाचं दक्षिण टोक’ अशी पाटी आहे, तिच्यासमोर उभी राहून फोटो काढला. त्या फोटोत मी हसतेय. आत काहीच नव्हतं, अगदी कोरडं. मला वाटलं आपण दगड झालोय, किंवा हा सगळा प्रवासच खोटा होता, मला नोकरीतून पळायचं होतं म्हणून केलेला.

तो शेवट मला कधी भेटला सांगू? घरी येऊन पाच आठवडे झाल्यावर, जांभळी नाक्यावर. पावसाळा नुकताच लागला होता, मी कोथिंबीर घ्यायला गेले होते आणि एका कोळणीनं सुकटीच्या पिशवीचं तोंड उघडलं. तो वास आणि म्यानमारच्या प्रत्येक बाजारात येणारा ङापीचा वास, म्हणजे ते आंबवलेल्या मासळीचं वाटण असतं ते, दोन्ही वेगळे आहेत खरं तर पण त्या दिवशी दमट हवेत ते एक झाले. आणि मी तिथंच, पायाखाली चिखल, मागून रिक्षावाला हॉर्न मारतोय, रडायला लागले. कोळीण बिचारी घाबरली, तिनं मला पाटावर बसवलं, पाणी दिलं. तेव्हा मला कळलं की संपलं, आता खरंच संपलं, म्यानमारमधल्या मोन्यवाच्या त्या बाजारात मी परत त्या सकाळी उभी राहणार नाही. म्हणजे शेवट आला, पण तो सिंगापूरला आला नाही, त्याच्या सवडीनं आला.

म्हणून तू अक्ताऊला समुद्रासमोर बसून स्वतःकडून काहीतरी वाटून घ्यायचा प्रयत्न करू नकोस. थंडी वाजत असेल तर आत जा, गरम काहीतरी खा, झोप काढ. तू लिहिलंस की तिथं बहुतेक पत्त्यांना रस्त्यांची नावंच नाहीत, नुसते आकडे, वसाहत अमुक, बिल्डिंग तमुक, घर इतकं, आणि तुला एकदम कोपरखैरणेचे सेक्टर आठवले. हे वाचून मी खूप वेळ हसत होते, आणि मग वाटलं की तुझं मन घराकडे निघालंय आणि तुला त्याचा पत्ता नाहीये. हे लिहून ठेव. ‘समुद्र बघून भरून आलं’ असलं नको लिहू, हे आकड्यांचं लिही.

आता मुद्द्याचं. तिकीट काढलं नसशील तर मुंबईचं काढू नकोस. अल्माटीहून दिल्लीला ये आणि दिल्लीहून ट्रेननं ये. तुझ्या बाबांना हे पटणार नाही, ते म्हणतील की विमानानं अख्खा दिवस वाचतो, पैसेही फार वेगळे नाहीत, कशाला पोरीला अजून एक रात्र गाडीत. त्यांना माझं नाव सांग.

माझं असं झालं की मी सिंगापूरहून विमानात बसले आणि साडेपाच तासांत मुंबईत उतरले. पाच महिने जे अंतर मी बसनं, ट्रेननं, ट्रकच्या मागच्या फळीवर बसून कापलं होतं, ते एका जेवणात आणि अर्ध्या सिनेमात मागे गेलं. पहाटे चारला मी नौपाड्यात माझ्या पलंगावर होते आणि कितीतरी दिवस सकाळी डोळे उघडल्यावर पहिलं मी छत बघायची, हे कुठलं गेस्टहाऊस. शरीर आलं होतं, बाकीची मी मागून येत होते, बहुतेक चालत.

माझे वडील रेल्वेत होते हे तुला बोलले असेन. इगतपुरीला टीएक्सआर होते, म्हणजे गाड्यांची तपासणी करणारे. आमचं लहानपण तिथल्या रेल्वे क्वार्टर्समध्ये धुक्यात गेलं. कसारा घाट १ इन ३७ आहे, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर, रेल्वेसाठी हा भलताच खडा चढ, १८६५ सालापासून गाड्या तो चढतायत. चढताना कसाऱ्याला मागून जादा इंजिन लावतात, बँकर म्हणतात त्याला, ते सगळ्या प्रवाशांना दिसतं, मुलं खिडकीतून डोकं काढून बघतात. उतरतानाचं कुणाला दिसत नाही. वडील सांगायचे, चढताना गाडी फार तर अडते, उतरताना ती हातातून जाते, म्हणून खरी तपासणी वर, इगतपुरीला, घाट सुरू व्हायच्या आधी. रात्री-अपरात्री, पावसात, हातात बॅटरी घेऊन ते डब्याडब्याखाली वाकून ब्रेक बघायचे. गाडीतले लोक झोपलेले असायचे, किंवा वैतागलेले, की ही इथं का थांबलीये.

तुझं चढणं आम्ही सगळ्यांनी बघितलं. स्टेशनवर सोडायला आठ जण आले होते, हार काय, पेढे काय. मी नकाशे दिले, आईनं लाडू दिले, बाबांनी तो जुना मनीबेल्ट. बँकर भरपूर होते. उतरताना कुणी नसतं, कारण उतरणं हे काम आहे असं कुणाला वाटतच नाही, लोक म्हणतात आलीस ना, झालं की. पामीरमध्ये करकुल तळ्याच्या काठी, ३,९०० मीटरवर, तुझं डोकं ठणकत होतं आणि बरोबरचे तिघं पुढे चला म्हणत होते तरी तू हट्टानं एक दिवस थांबलीस, मग दोन दिवसांनी अक-बैताल खिंडीत ४,६५५ मीटरवर तूच सगळ्यांत ठीक होतीस. तोच हट्ट आता उतरताना कर.

पंजाब मेल घे. १९१२पासून धावतेय ती गाडी. दिल्लीहून पहाटे निघते, मग आग्रा, ग्वाल्हेर, झाशी, भोपाळ, इटारसी, रात्री खांडवा-भुसावळ. दिवसभर खिडकीत बसून बघ, हळूहळू भाषा बदलते, चहाची चव बदलते, भुसावळच्या आसपास कुणीतरी अहिराणीत भांडेल आणि तुला सगळं कळेल, साडेचार महिन्यांनी शेजारच्या बर्थवरचं भांडण पूर्ण कळणं हे काय असतं ते तू अनुभव. हिंदीत, मग मराठीत, असं टप्प्याटप्प्यानं ये. आणि इगतपुरीला जागी राहा. पहाट असेल, अंधार असेल, डिसेंबरची थंडी असेल. दारापाशी जा, पण दार धरून, आत उभी राहा. तिथून गाडी हळू निघते, बोगदे लागतात, ब्रेकचा तो लांब कण्हल्यासारखा आवाज येतो आणि कसारा गेलं की हवा बदलते. जाड होते, ओलसर, थोडी धुराची. ती हवा अंगाला लागली की आपण आलो. विमानात हे मिळत नाही गं, तिथं एकदम दार उघडतं आणि दमटपणा थोबाडीत बसतो.

घरी आल्यावरचं सांगते, आणि यात मी थोडी आईच्या बाजूनं बोलणार आहे, राग मानू नकोस. तुझी आई आणि मी ठाणे-वाशी लोकलच्या लेडीज डब्यातल्या मैत्रिणी, वीस वर्षं होत आली, तिला मी ओळखते. तू पामीरमध्ये होतीस तेव्हा चार दिवस तुझा फोन लागत नव्हता. तुला तर माहीतच होतं की मुर्गाबच्या पुढे नेटवर्क नसतं, तू आधी सांगितलंही होतंस. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती ऑफिसमधून घरी न जाता माझ्याकडे आली, दारात उभी राहून म्हणाली चल जरा. आम्ही तलावपाळीवर जाऊन बसलो. कोपिनेश्वरची आरती झाली, भेळवाल्यांची गर्दी झाली, बोटिंग बंद झालं, साडेनऊ वाजले. ती एक शब्द बोलली नाही, फक्त मधूनमधून फोन वर करून बघायची आणि परत पर्समध्ये ठेवायची. तिनं फोनवर तुझ्यासाठी घड्याळं लावून ठेवलीयेत. हनोई आपल्या दीड तास पुढे, चीन अडीच तास पुढे, तेव्हा ती मला रोज सांगायची की आता तिची रात्र झाली असेल, आता झोपली असेल. आणि मग ताजिकिस्तान, उझबेकिस्तान, आता कझाकस्तान, सगळे आपल्या अर्धा तास मागे. ‘अर्धाच तास राहिलाय,’ असं म्हणाली मला परवा. वेळेचा हिशेब ती अंतरासारखा करते.

तर आल्यावर तिला फोटो दाखवायच्या आधी तिला विचार की तिचे साडेचार महिने कसे गेले. ती म्हणेल काही नाही, नेहमीचंच. सोडू नकोस, परत विचार, भांडी घासताना विचार, भाजी निवडताना विचार. तिनं पामीरमधल्या खोरोगचं स्पेलिंग पाठ केलंय, वाखानची दरी कुठं आहे ते तिला माहितीये, नदीच्या पलीकडे अफगाणिस्तान दिसतं हे कळल्यावर दोन रात्री तिला झोप नव्हती. तिनंही एक प्रवास केलाय, जागेवर बसून, आणि त्याचे फोटो नाहीत.

मग बाकीचे लोक. ते तीन प्रश्न विचारतील, खर्च किती आला, भीती नाही वाटली, आणि सगळ्यात आवडलेला देश कुठला. ते मनापासून विचारतात, उत्तर दे, पण एक सावध करते. मी आल्या आल्या दहाव्या दिवशी आमच्या इथल्या एका हॉलमध्ये कार्यक्रम केला, मोठ्या पडद्यावर फोटो, किती दिवस, किती देश, किती किलोमीटर. मग दुसरीकडे बोलावलं, मग एका शाळेत. सात वेळा केलं. दर वेळी तेच सहा किस्से, कारण त्यांना हशा यायचा, टाळ्या यायच्या. आणि आता काय झालंय तर मला ते सहा किस्सेच आठवतात. एखादा दगड सारखा हातात फिरवला की गुळगुळीत होतो तसं झालं, त्या दिवशी पाऊस होता का, माझ्या पायात काय होतं, शेजारी कोण बसलं होतं, ते सगळं गेलं, राहिली फक्त सांगायची गोष्ट. मला याचं फार वाईट वाटतं, अजूनही. तू एक महिना तरी कुठं बोलू नकोस, रील नको, कार्यक्रम नको. एक माणूस निवड, आईला निवड किंवा तुझ्या त्या कळव्याच्या मैत्रिणीला, आणि तिला रोज थोडं, वाटेल तिथून सांग, न रंगवता. आणि त्या महिन्यात डायरीत कंटाळवाणं ते सगळं भरून काढ. ओशमध्ये नान केवढ्याला होता, शेअर टॅक्सी भरायला किती तास लागायचे, उरुमचीत घड्याळ बीजिंगचं आणि लोकांचं जेवण दोन तास उशिरा हे पहिल्या दिवशी कसं लक्षात आलं, आटलेल्या अरल समुद्राच्या काठी, मोयनाकला, वाळूत उभी असलेली ती गंजलेली जहाजं बघताना पाठीमागे कुणाचा रेडिओ चालू होता. भारी प्रसंग आपोआप राहतात गं. बारीकसारीक जपावं लागतं.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते, आणि हे लिहिताना मला दोनदा उठून पाणी प्यावं लागलंय.

मंडालेला मी लोकमान्यांमुळे गेले होते, आपल्याकडचा माणूस मंडालेला गेला की ते मनात असतंच, १९०८ ते १४, सहा वर्षं. आणि उलटीकडून थिबा राजा, मंडालेहून आपल्या रत्नागिरीला आणून ठेवलेला, तो तिथंच १९१६मध्ये गेला, परत जाऊच शकला नाही. मी रत्नागिरीला थिबा पॅलेस लहानपणी सहलीत पाहिला होता. तर मंडालेजवळ सगाईंगला, इरावतीवरचा तो जुना लोखंडी पूल होता, आवा ब्रिज, १९३४चा, त्याच्याजवळ एक चहाचं छोटं दुकान होतं. एक आजी चालवायची, बरोबर पाच-सहा वर्षांची नात. आम्हाला एकमेकींची भाषा येत नव्हती. मी तीन दिवस रोज तिथं जाऊन बसायची. तिसऱ्या दिवशी तिनं दगडावर थनाखाचं खोड उगाळलं, आपण चंदन उगाळतो तसंच, आणि माझ्या दोन्ही गालांना लावलं, नातीच्याही लावलं. मी आमचा तिघींचा फोटो काढला. नातीनं खुणेनं विचारलं की हा आम्हाला मिळेल का, आणि दुकानातल्या एका मुलानं पत्ता लिहून दिला, बर्मी अक्षरांत, माझ्या वहीच्या मागच्या पानावर. मी छातीवर हात ठेवून सांगितलं की पाठवते.

पाठवला नाही. आधी कार्यक्रम होते, मग पोस्टानं जाईल की नाही अशी शंका, मग कोव्हिड आलं, २०२१च्या फेब्रुवारीत तिकडे लष्करानं सत्ता घेतली, मी म्हटलं आता थांबू, सगळं शांत होऊ दे. आणि या वर्षी, २०२५च्या २८ मार्चला, सगाईंगजवळ ७.७चा भूकंप झाला. टीव्हीवर तो पूल दाखवला, नदीत पडलेला. मी तो ओळखला. त्या दोघींचं काय झालं मला माहीत नाही आणि मला ते कळायचा काही मार्गही नाही. फोटो माझ्याकडे आहे, दोन हार्डडिस्कवर आहे, गालावरच्या थनाखाच्या रेघासुद्धा दिसतात.

म्हणून आल्यावर पहिल्या आठवड्यात, बॅग पूर्ण रिकामी व्हायच्या आधी, तू ज्यांना ज्यांना ‘पाठवते’ म्हणालीस त्यांची यादी कर. खोरोगची ती नर्स जिच्या घरी तू पाच दिवस राहिलीस, दुनहुआंगचा तो रात्रीच्या बाजारातला मुलगा, लुआंग प्रबांगची बाई, ओशचा मोची, सगळे. ज्यांचे नंबर आहेत त्यांना लगेच पाठव. ज्यांचे फक्त पत्ते आहेत त्यांना प्रिंट काढून पाठव, राम मारुती रोडवर फोटो स्टुडिओत चांगल्या कागदावर करून मिळतात, मी येते बरोबर. पोस्टाची पावती ठेव. ज्यांचा पत्ताच नाही, त्यांच्यासाठी तिकडे जाणारं कुणी सापडतं का बघ, त्या वाटेनं लोक जात असतात, एका हॉस्टेलमधून दुसऱ्या हॉस्टेलला निरोप पोचतात हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. पत्र मोठं लिहू नकोस. मी पोचले, घरी आहे, आईनं तुम्हाला नमस्कार सांगितलाय, एवढं पुरे. जाताना तू त्यांच्या घरातून निघालीस तेव्हा त्यांच्याही मनात आलं असणार की ही पोर पुढे नीट पोचली का. ते कळवायचं राहिलं तर त्यांच्याकडे तू अजून रस्त्यावरच आहेस.

आणि रस्ते बंद होतात. मी गेले तो मोरे-तामूचा रस्ता आज तसा जाता येत नाही. तुझाही जो रस्ता झाला तो किती नशिबानं जुळून आला बघ, आपल्या लोकांना चीनचे टुरिस्ट व्हिसा २०२५च्या जुलैमध्येच परत मिळायला लागले आणि किर्गिझ-ताजिक सीमा त्याच वर्षी मार्चमध्ये उघडली. दोन वर्षांपूर्वी हाच नकाशा आपण माझ्या डायनिंग टेबलावर पसरला होता तेव्हा दोन्ही ठिकाणी मी लाल पेननं फुली मारली होती, आठवतंय? पुन्हा कधी जाऊ असं मनात ठेवून माणसांचं देणं लांबणीवर टाकायचं नाही.

बाकी किरकोळ. सॅक धुवून सावलीत पूर्ण सुकव आणि दिवाणात कोंबू नकोस, आपल्या हवेत आतलं कोटिंग एका पावसाळ्यात चिकट होऊन सोलायला लागतं, माझी तशीच गेली, उघड्यावर टांग आणि जूनपासून आत सिलिका जेलच्या पुड्या ठेव. फोटोंच्या दोन कॉपी, एक माझ्याकडे आणून ठेव. पोटाची तपासणी करून घे, ताप आला तर डॉक्टरला कुठून आलीस ते आधी सांग. नोकरीचं, तुझ्याकडे दोन महिन्यांचे पैसे उरलेत असं तू म्हणालीस, तर एक महिना काही ठरवू नकोस, दुसऱ्या महिन्यात अर्ज टाक, पैसे पूर्ण संपायची वाट बघितलीस तर मिळेल ते घ्यावं लागतं. आणि लगेच पुढच्या प्रवासाचं तिकीट काढू नकोस, प्लीज. मला घर खायला उठलं म्हणून मी आल्यानंतर महिन्याभरातच स्पितीला पळाले आणि तिथल्या एकाही डोंगराकडे मी नीट बघितलं नाही, सारखी आधीच्या प्रवासाशी तुलना. तो पैसा आणि स्पिती दोन्ही वाया घालवलं.

घर खायला उठेल, तुलाही. दुपारी अडीचला, सगळे कामावर गेलेले, पंखा फिरतोय, खाली भंगारवाला ओरडतोय, आणि वाटेल की हे सगळं इतकं तसंच कसं आहे. तेव्हा बाहेर पड. ट्रान्स-हार्बरची लोकल पकडून ऐरोलीला उतर, खाडीवर जा, फ्लेमिंगो आलेले असतील किंवा येत असतील. तुझ्या कझाकस्तानातही आहेत ते, कोर्गाल्झिनच्या तळ्यांवर, इतक्या उत्तरेलाही त्यांची घरटी असतात. आईला रविवारी घेऊन जा. वीस वर्षं ती त्या खाडीवरून लोकलनं जाते-येते पण ती बोटीतून खाडीत कधी गेली नाहीये, मला विचारून झालंय.

आणि ते बूट फेकू नकोस. आई म्हणेल वास येतो, गॅलरीत ठेव.

गाडीचं बुकिंग झालं की मला आणि आईला एकत्र कळव, तिला आधी नाही आणि मलाही आधी नाही. आम्ही दोघी कल्याणला येतो, ठाण्याहून पहिल्या लोकलनं. इगतपुरीहून एक मेसेज टाक, फोन नको, ती उगाच दचकेल. कल्याणला गाडी फार थांबत नाही, तेव्हा सामान आधीच दारात आणून ठेव आणि डब्याचा नंबर पाठव, म्हणजे प्लॅटफॉर्मवर नेमकं कुठं उभं राहायचं ते आम्हाला कळेल.

तुझी,
मावशी